काळी घोडी, कावाल्ला नेरा

पुण्यातला आमचा संध्याकाळचा इटालियनचा वर्ग या जूनमध्ये बंद झाला. विद्यार्थी मिळत नाहीत, ज्याला शिकायचंय तो फोनवर शिकतो, असं संस्थेने सांगितलं. ते खोटं नाही. पण इतकी वर्षं चाललेल्या या वर्गाला मराठी माणसाला मराठीतून इटालियन शिकवावं असं एकदाही वाटलं नाही, याचा माझा राग जुना आहे.

ऐंशीच्या दशकाविषयी सांगण्यासारखं फार नाही. सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स, घासलेल्या कॅसेट आणि ऑपेराच्या हौसेने येणारी मोजकी मंडळी. नव्वदच्या दशकात मी आधी तिथे शिकले, मग शिकवू लागले. आर्किटेक्चरची, डिझाइनची मुलं मिलान-तोरिनोची स्वप्नं घेऊन येत. सगळ्यांच्या हातात इंग्रज विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक. नामाचं लिंग-वचन बदललं की विशेषणही बदलतं, एवढं सांगायला त्यात अख्खं प्रकरण खर्ची पडलेलं! इंग्रजाला त्याचं नवल असेल. काळा घोडा, काळी घोडी म्हणत वाढलेल्या सदाशिव पेठेतल्या मुलीला त्यात काय नवीन? ‘कावाल्लो नेरो, कावाल्ला नेरा’ एवढं फळ्यावर लिहिलं की पाच मिनिटांत काम भागायचं. पण मी मराठी उदाहरण दिलं की वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या. म्हणे, वर्गाचा दर्जा खाली येतो.

आपल्याकडे ‘काळा’ बदलतो, ‘लाल’ बदलत नाही. तिकडे ‘रोझा’ म्हणजे गुलाबी, ‘व्हियोला’ म्हणजे जांभळा, ‘ब्लू’ म्हणजे निळा, हे तिन्ही आपल्या ‘लाल’सारखे ढिम्म. ‘व्हेर्दे’, म्हणजे हिरवा, आणि ‘ग्रांदे’, म्हणजे मोठा, ही मधली जात: लिंगाला जुमानत नाही, अनेकवचनात मात्र ‘व्हेर्दी’, ‘ग्रांदी’ होते. मुलं हे चटकन पकडत.

खरी गोची जागेची. आपलं विशेषण नामाआधी, त्यांचं बहुधा नंतर. आणि काही दोन्हीकडे बसतात, पण अर्थ बदलून. ‘व्हेक्यो अमीको’ म्हणजे जुना मित्र, ‘अमीको व्हेक्यो’ म्हणजे वयाने म्हातारा. ‘पोव्हेरा दोन्ना’ म्हणजे बिचारी बाई, ‘दोन्ना पोव्हेरा’ म्हणजे जिच्याकडे पैसा नाही ती. इथे वेळ द्यायला हवा होता, पण पुस्तकाने आद्याक्षरांची एक इंग्रजी युक्ती देऊन हात झटकले: सौंदर्य, वय, चांगुलपणा, आकार यांची विशेषणं आधी. ती पाठ करून मुलांनी कित्येक म्हाताऱ्यांना जुने मित्र करून टाकलं. बरं, ‘बेल्लो’, म्हणजे सुंदर, आधी आला की पुढच्या नामाप्रमाणे रूप पालटतो: ‘बेल जार्दीनो’, ‘बेल्लो स्पेक्यो’, ‘बेल्यी ओक्की’. ते तोंडी बोलूनच बसतं, तक्त्याने नव्हे.

मुली हमखास विचारत, शंभर बायकांत एक पुरुष आला की विशेषण पुल्लिंगी का? आपल्याकडे काका-काकू दोघंही ‘दमलेली’ असतात. नपुंसकलिंगाने तंटा मिटतो. इटालियनला ती सोय नाही. भाषाअभ्यासक आल्मा साबातीनी यांनी १९८७ सालीच इटलीच्या सरकारी शिफारशींतून या पुरुषी वर्चस्वावर बोट ठेवलं होतं. आमच्या पुस्तकात त्याचा उल्लेखही नव्हता. अलीकडे शब्दाच्या शेवटी तारांकन किंवा ‘श्वा’ नावाचं उलटं रोमन ‘e’ लावायची टूम निघाली, तर फ्लोरेन्सच्या ‘आकादेमिया देल्ला क्रुस्का’ या भाषासंस्थेने २०२१ मध्ये त्याला नकार दिला. १५८३ सालची संस्था, तिने दुसरं काय म्हणावं!

वर्गाची नव्वदच्या दशकानंतरची वीस वर्षं कॉफीच्या मेन्यूपुरतं इटालियन हवं असणाऱ्यांत गेली. आता भाचीच्या फोनवर बघते, तर तिथेही इंग्रजी वाक्य वर, इटालियन खाली. तिने ‘नेरा कावाल्ला’ लिहिलं. लाल फुली, बरोबर उत्तर, पुढचा प्रश्न. का चुकलं, ते सांगायला कुणी नाही. नव्वदमधलं ते पुस्तक निदान कारण तरी द्यायचं, इंग्रजांना पटेलसं का होईना.

वर्ग बंद झाल्यापासून दोघी जणी घरी येतात. वह्या मराठीत लिहितात. त्यातल्या एकीने परवा माझीच ओळख ‘व्हेक्या अमीका’ अशी करून दिली, आणि जागा बरोबर निवडली होती.