कुंडीत एक, शेतात शंभर. कायद्याला फरक नाही

लासलगाव, खास प्रतिनिधी

कांद्याचे भाव कोसळले, की कांदापट्ट्यात एक त्राग्याचे वाक्य कानावर पडते : 'यापेक्षा गांजा लावलेला परवडला.' बोलणारा ते अर्धे चेष्टेने आणि अर्धे संतापाने बोलतो. ऐकणाराही हसून सोडून देतो. मात्र गेल्या काही वर्षांत ही चेष्टा कागदावर उतरू लागली आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये थेट जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून दोन एकरांवर गांजा लावण्याची परवानगी मागितली होती. कोणत्याच पिकाला हमखास भाव नाही, गांजाला मात्र आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून लागवड सुरू करू, असेही त्याने कळविले होते. प्रशासनाने ते पत्र पोलिसांकडे पाठविले आणि पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा प्रकार ठरविले.

पत्रामागची चीड मात्र खोटी नव्हती. निफाड तालुक्यातीलच एका शेतकऱ्याला २०१८ च्या अखेरीस ७५० किलो कांद्याचे अवघे १,०६४ रुपये मिळाले, म्हणजे किलोला दीड रुपयाही नाही. ती रक्कम त्याने पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिली होती. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस भाव इतके घसरले, की शेतकऱ्यांनी लासलगावचे लिलावच बंद पाडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आले आणि डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

दुसरीकडे शहरांतही या झाडाविषयीचे कुतूहल वाढले आहे. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडांची मुभा दिली, त्यात काही प्रांतांनी आपापले निर्बंध घातले. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन झाडे लावू दिली. थायलंडने २०२२ मध्ये दारे उघडली आणि २०२५ मध्ये ती बरीचशी लोटून घेतली. परदेशातील नातेवाइकांच्या गॅलरीतील कुंड्यांची छायाचित्रे मोबाइलवर पाहून 'एखादे रोप लावले तर काय बिघडते', असा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या तरुणांना पडू लागला आहे. भारतीय कायद्यात या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे, पण ते फार थोड्यांना ठाऊक असते.

झाडांची संख्या मोजली जात नाही

अमली पदार्थांसंबंधीचा १९८५ चा केंद्रीय कायदा 'एनडीपीएस' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. त्याच्या आठव्या कलमाने गांजाच्या झाडाची लागवड करण्यास मनाई केली आहे. विसाव्या कलमात शिक्षा सांगितली आहे : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

वाचकांचा घोटाळा होतो तो इथेच. गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात वजनाप्रमाणे पायऱ्या आहेत. एक किलोपर्यंतचे प्रमाण 'अल्प' आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंच्या वर गेले की 'व्यापारी' प्रमाण, त्यासाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. लागवडीच्या गुन्ह्याला अशी पायरीच नाही. झाड एक असो वा हजार, वावरात असो वा गच्चीवर, कमाल शिक्षेची मर्यादा तीच. नेमकी शिक्षा किती द्यायची हे न्यायालय ठरवते, आणि एका झाडाला दहा वर्षे मिळतील असा याचा अर्थ नाही. पण गुन्हा दाखल होण्यासाठी एक झाड पुरेसे आहे. परिणामी अल्प प्रमाणात गांजा बाळगणाऱ्यापेक्षा कुंडीत रोप वाढविणारा अधिक गंभीर कलमाखाली येऊ शकतो. कायद्यातील ही विसंगती खटकण्याजोगी आहे.

'कुंडीत लावणे म्हणजे शेती नव्हे, मग ती लागवड कशी?' हा बचावही करून झाला आहे. घराच्या गच्चीवर कुंड्यांत वाढविलेल्या झाडांचे असे एक प्रकरण या दशकात केरळ उच्च न्यायालयापुढे आले. झाड जमिनीत लावले की कुंडीत, याने गुन्ह्याचे स्वरूप बदलत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. बी पेरणे, पाणी घालणे, रोप जोपासणे ही सारी लागवडच.

बियांचे काय, हा पुढचा प्रश्न. कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेल्या बिया आणि पाने या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणून तर उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मानके ठरवून दिली. दुकानात किंवा इंटरनेटवर मिळणारे 'हेम्प सीड्स' ते हेच. ते सॅलडवर भुरभुरणे कायदेशीर आहे. त्यातला एखादा दाणा मुद्दाम मातीत टोचला, की मात्र माणूस आठव्या कलमाच्या कक्षेत येतो. परदेशातून लागवडीचे बियाणे मागविणाऱ्याला तर त्याखेरीज वनस्पती विलगीकरणाचे नियमही आडवे येतात.

पानांच्या बाबतीत भांगेचा आधार घेतला जातो. भांग पानांची, ती एनडीपीएसच्या 'गांजा'त मोडत नाही आणि तिचे नियमन राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली होते. पण पाने वगळली म्हणून झाड वगळले जात नाही. पानांसाठी झाड लावले, हा बचाव टिकणारा नाही.

अंबाडी, ताग आणि गैरसमज

नाशिक जिल्ह्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. अंबाडीचे पान हाताच्या बोटांसारखे फाटलेले असते आणि लांबून पाहणाऱ्याला ते गांजाचेच वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या शास्त्रीय नावातच 'कॅनाबिनस', म्हणजे गांजासारखी, असा शब्द घातला आहे. प्रत्यक्षात ती भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. तिची आंबट भाजी महाराष्ट्रात घरोघरी होते आणि वाखापासून दोर वळले जातात. पिवळसर मोठे फूल आणि मध्यभागी गडद ठिपका दिसला, की ओळख पटते. गांजाच्या झाडाला असे डोळ्यांत भरणारे फूल येत नाही.

ताग तर आणखी वेगळा. कांदा किंवा द्राक्षासाठी जमिनीला बळ यावे म्हणून शेतकरी तो हिरवळीचे खत म्हणून पेरतात आणि फुलोऱ्यात येताच गाडतात. तो शेंगावर्गातला. इंग्रजीत त्यालाही 'हेम्प' जोडून नाव आहे, आणि शासकीय पत्रकांचे किंवा इंटरनेटवरील मजकुराचे भाषांतर करताना त्यातून गमतीदार गोंधळ होतात. 'हेम्पच्या शेतीला अनुदान' असे वाचून हुरळणाऱ्याने मूळ शब्द ताग होता का, हे आधी पाहावे.

वावरात सापडले तर जबाबदार कोण?

ज्याची जमीन त्याच्यावर कायद्याने एक कर्तव्य टाकले आहे. आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड झाल्याचे कळताच त्याने पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला ताबडतोब कळविले पाहिजे, असे ४६ वे कलम सांगते. जाणूनबुजून गप्प बसणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ४७ व्या कलमाने हीच जबाबदारी शासकीय कर्मचारी, सरपंच आणि पंच यांच्यावरही टाकली आहे. जागा अशा कामासाठी जाणीवपूर्वक वापरू देणाऱ्या मालकाला २५ व्या कलमाखाली मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते.

निफाड-येवला भागात वाट्याने किंवा खंडाने जमीन देण्याची रीत जुनी आहे. मालक नाशिकला किंवा मुंबईला, वावर वाटेकऱ्याकडे, आणि सातबारा मालकाच्या नावावर. तोंडी व्यवहारात कोणी काय पेरले याची नोंदच राहत नाही. उसाच्या, तुरीच्या किंवा कपाशीच्या दाट पिकात मधेच गांजा लावल्याचे प्रकार राज्यात वारंवार उघडकीस येतात. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात तर वनजमिनीवरील लागवडीवर छापे हे नित्याचे झाले आहे. अशा वेळी पीकपाहणीची नोंद आणि वाट्याचा लेखी कागद मालकाच्या उपयोगी पडतो. शहरात भाड्याने सदनिका देणाऱ्यालाही हाच न्याय लागू.

दुसरी बाजूही आहे. झाड सापडले म्हणजे ते त्या माणसानेच लावले, असे गृहीत धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात हाच मुद्दा मांडून आरोपीला मुक्त केले. गांजाचे बी जमिनीत पडून आपोआपही उगवू शकते. आरोपीने लागवड केली याचा पुरावा सरकार पक्षाने दिला पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पक्ष्यांच्या खाद्यातून बी कुंडीत पडून उगवल्याचे सांगणाऱ्याला हा निकाल थोडा दिलासा देतो. मात्र ओळखल्यानंतरही महिनाभर पाणी घालत राहिलेल्याला तो वाचवू शकणार नाही. असे रोप दिसले तर ते तोडून वाळवत ठेवणे सर्वांत वाईट, कारण मग बाळगण्याचा मुद्दा येतो. पोलीस ठाण्याला लेखी कळविणे, हाच सुरक्षित मार्ग.

छाप्यांच्या बातम्यांत 'लाखोंचा गांजा जप्त' असे मथळे येतात, तेव्हा ते वजन कशाचे, हे क्वचितच सांगितले जाते. मुळासकट उपटलेल्या ओल्या झाडाचे खोड, फांद्या, पाने सारे काट्यावर चढते. व्याख्या मात्र शेंड्यांपुरती आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका आरोपीला जामीन देताना नेमके यावर बोट ठेवले : पाने आणि बिया शेंड्यांपासून वेगळ्या न करता एकत्रच तोलल्या असतील, तर व्यापारी प्रमाण कसे म्हणायचे? बाळगण्याच्या खटल्यात हा फरक एक आणि दहा वर्षांमधला असू शकतो.

परवानगीचा रस्ता आहे, पण महाराष्ट्रात नाही

हे पीक महाराष्ट्राला परके नव्हे. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने देशभर फिरून गांजा-भांगेचा अभ्यास केला. त्या काळी मुंबई इलाख्यातील लागवडीत नगर जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, नाव पुढे होते. १८९४ च्या अहवालात आयोगाने संपूर्ण बंदी अनावश्यक ठरवून परवाने आणि कर यांची शिफारस केली. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि त्यातूनच १९८५ चा कायदा आला.

कायद्यात औद्योगिक लागवडीची खिडकी आहे. १४ व्या कलमानुसार शासन केवळ धागा किंवा बी मिळविण्यासाठी, तसेच उद्यानविद्येसाठी, अटी घालून परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये तिचा वापर करून ०.३ टक्क्यापेक्षा अधिक टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, नसलेल्या वाणांना वाट दिली. हिमाचल प्रदेशने २०२४ मध्ये विधानसभेत ठराव करून जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. गोव्यात डिसेंबर २०२० मध्ये औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला आणि विरोधानंतर बाजूला पडला.

लासलगावच्या शेतकऱ्याने या खिडकीकडे आशेने पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, धाग्याचे झाड आणि गांजाचे झाड डोळ्यांनी ओळखू येत नाही. फरक प्रयोगशाळेतच कळतो. परागकण वाऱ्याने दूर जातात, आणि एका वावरातले वाण दुसऱ्यात मिसळले की टीएचसीची मर्यादा पाळणे शेतकऱ्याच्या हातात उरत नाही. दुसरी गोष्ट भावाची. आज गांजाला जो भाव आहे, तो पिकाचा नसून जोखमीचा आहे. बंदी उठली तर जोखीम जाईल आणि तिच्याबरोबर भावही. धाग्याच्या पिकाला कापूस आणि ताग यांच्याशी बाजारात उभे राहावे लागेल. त्यासाठी वाख काढणारे कारखाने लागतील आणि ते निफाड तालुक्यात नाहीत. कांद्याला निदान रोजचा लिलाव आहे.

गांजाची औद्योगिक लागवड करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यासाठी उत्तराखंडसारखी परवान्याची व्यवस्था महाराष्ट्राने उभी केलेली नाही. त्यामुळे तहसील कार्यालयात किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेला अर्ज हा निवेदन ठरतो. त्याला उत्तर आले नाही, याचा अर्थ संमती मिळाली असा कायद्यात कोठेही नाही.