भीती उगाच नसते



करोनात आशाताईंबरोबर आपण घरोघर फिरलो, तेव्हा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोबत असायचा. आकडा ९५ च्या वर आला की घरच्यांच्या जिवात जीव यायचा. आज त्या यंत्रापासून सुरुवात करून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांबद्दल सांगते. यातल्या बहुतेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले.

हे यंत्र बोटातून उजेड सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतं. कातडी गडद असेल तर आकडा कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. ऑक्सिजन खूप उतरलाय आणि यंत्राला कळलंच नाही, असं गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा झालं. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हे डिसेंबर २०२० मध्ये मांडलं.

शिकागो शहरात कृष्णवर्णीय साधारण ३० टक्के. पण एप्रिल २०२० च्या सुरुवातीला करोनाने दगावलेल्यांत ते ७० टक्क्यांच्या आसपास होते. त्यांचं रक्त का वेगळं होतं? नाही. बस चालवणं, दुकानात उभं राहणं, दवाखान्याची साफसफाई, ही कामं घरी बसून होत नाहीत. त्यात दाटीवाटीची घरं, साखरेचे-बीपीचे जुने आजार आणि न परवडणारे उपचार.

पुढे लस आली, तेव्हाही त्यांच्यातले अनेकजण कचरले. लोक म्हणाले, अडाणी आहेत. पण अलाबामा राज्यात टस्कीगी इथे १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार करतोय असं भासवलं आणि आजार कसा वाढतो ते नुसतं पाहिलं. पेनिसिलीनने तो बरा होतो हे कळल्यावरही त्यांना दिलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. अशा घरातल्या नातवंडांनी सुईवर लगेच विश्वास कसा ठेवावा?

रस्त्यावरही धास्ती होतीच. तोंडाला रुमाल बांधला तर पोलीस चोर समजतील, असं कितीतरी पुरुषांना वाटायचं. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर एका पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला. त्यांचा जीव गेला. मग साथ असूनही लाखो लोक रस्त्यावर उतरले.

मैत्रिणींनो, माणूस घाबरतो त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं. आपल्या गटातली एखादी म्हणाली, "मी नाही दवाखान्यात यायची," तर तिला रागावू नका. आधी विचारा, "बाई, तिथे तुला कोणी काय बोललं होतं का?" ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत जा. आणि हो, ऑक्सिमीटरचा आकडा चांगला दिसला तरी धाप लागत असेल, तर आकड्यावर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा.