तिकिटावरील दुसरा आंकडा

रत्नागिरीच्या आंबेबागायतदारास हिशेबाची पट्टी वाचण्याची संवय असते. पेटी मुंबईच्या बाजारांत विकली गेली, कीं दलालाकडून पट्टी येते. तींत गाडीभाडें, हमाली, दलाली अशा रकमा एकामागून एक वजा झालेल्या असतात. त्या त्याला आवडतात असें नाहीं. परंतु हमाली कशाची, हें त्याला ठाऊक असतें. ओझें उचलणारा माणूस डोळ्यांपुढें असतो. हीच पेटी मुंबईहून विमानानें परगांवीं धाडली, तर पावतीवर ‘इंधन-अधिभार’ म्हणून जो आंकडा येतो, त्याच्यामागें मात्र असा कोणी उभा दिसत नाहीं.

हा अधिभार मुळांत अन्यायाचा नव्हे. विमानाच्या खर्चांत इंधनाचा वांटा फार मोठा, आणि आपल्या देशांत विमानाच्या इंधनाचे भाव तेलकंपन्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेस बदलतात. तेल भडकलें म्हणजे भाडें कायमचें न वाढवितां, भडका ओसरेपर्यंत एक वेगळी रक्कम घ्यावी, अशी ही योजना आहे. ‘ओसरेपर्यंत’ ह्या शब्दांत तिचा सारा प्रामाणिकपणा सांठविलेला आहे.

२००८ साल ह्या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं मे महिन्यांत आपल्याकडील विमानकंपन्यांनीं मालावर किलोमागें ५ रुपये इंधन-अधिभार बसविला. म्हणजे २० किलोंच्या आंब्याच्या पेटीस १०० रुपये. जुलैंत कच्चें तेल पिंपास १४७ डॉलरांपर्यंत चढलें, आणि डिसेंबरांत तें ४० डॉलरांच्याही खालीं उतरलें. पुढील वर्षांत अधिभार तेलाच्या मागोमाग खालीं आला काय? माल पाठविणाऱ्या कुरियर-व्यवसायाच्या संघटनेनें २०१३ सालीं भारतीय स्पर्धा आयोगापुढें तक्रार नेली, ती ह्याच प्रश्नासाठीं. कंपन्या एकाच सुमारास, जवळजवळ सारख्याच रकमेनें अधिभार वाढवितात, आणि इंधन स्वस्त झालें तरी तो उतरत नाहीं, असें तिचें म्हणणें होतें.

आयोगाच्या तपास-अधिकाऱ्यास यांत गैर कांहीं आढळलें नव्हतें. आयोगानें तें मान्य केलें नाहीं. नोव्हेंबर २०१५ मध्यें जेट एअरवेजला १५१.६९ कोटी, इंडिगोला ६३.७४ कोटी व स्पाइसजेटला ४२.४८ कोटी रुपये दंड झाला. एप्रिल २०१६ मध्यें अपील-न्यायाधिकरणानें तो निर्णय रद्द करून प्रकरण परत पाठविलें. आणि मार्च २०१८ मध्यें आयोगानें पुन्हां दोषच ठरविला, दंड मात्र अनुक्रमें ३९.८१, ९.४५ व ५.१० कोटी इतका उतरला. दंड उतरला, ह्यापेक्षां दोनदां पाहूनही आयोगाचें मत तेंच राहिलें, ही गोष्ट अधिक महत्त्वाची म्हटली पाहिजे.

आतां कोणी विचारील, कीं एकूण रक्कम एकच असतां तिचे दोन तुकडे केल्यानें काय बिघडतें? बिघडतें तें असें. भाडें वाढलें, तर गिऱ्हाईक कारण विचारतें. अधिभाराच्या नांवांतच कारण लिहिलेलें असल्यामुळें तें विचारीत नाहीं. शिवाय जाहिरातींत लहान आंकडा झळकवितां येतो. प्रतिस्पर्ध्यांस एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकण्यासही वेगळा आंकडा सोयीचा पडतो. हा मोह आपल्याकडचाच आहे असें नव्हे. लंडनहून सुटणाऱ्या लांबच्या उड्डाणांवरील अधिभार २००४ ते २००६ च्या दरम्यान ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला, त्यांत दोन कंपन्यांचें आंतून संगनमत होतें, हें पुढें उघडकीस आलें. आणि २००७ सालीं ब्रिटिश एअरवेज व कोरियन एअर ह्या कंपन्यांनीं अमेरिकेंत अधिभाराच्या संगनमताबद्दल गुन्हा कबूल करून प्रत्येकीं ३० कोटी डॉलर दंड स्वीकारला.

उलट उदाहरणही सांगितलें पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्यें इंडिगोनें प्रवाशांवर अंतरानुसार ३०० ते १,००० रुपये इंधन-आकार बसविला, आणि इंधन उतरतांच ४ जानेवारी २०२४ पासून तो काढूनही घेतला. अधिभार असावा तर असा. तथापि येथेंही थोडें सावध राहणें बरें. १९९४ पासून विमानाचें भाडें ठरविण्यास कंपन्या मोकळ्या आहेत. तेव्हां अधिभार गेला, म्हणून एकूण रक्कम तितकीच कमी होईल, असा भरंवसा कोणी द्यावा?

तिकीट रद्द करणाऱ्यास ह्या दोन आंकड्यांचें नातें चांगलें कळतें. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार रद्द करण्याचा आकार मूळ भाडें व इंधन-अधिभार ह्यांच्या बेरजेपर्यंत जाऊं शकतो. सरकारी कर आणि विमानतळाचे आकार तेवढे परत मिळतात. म्हणजे तिकिटावर निराळ्या ओळींत बसलेला अधिभार परताव्याच्या वेळीं भाड्याच्याच पंक्तीस जाऊन बसतो.

रत्नागिरीच्या एस. टी. स्थानकावर ही भानगड नाहीं. २५ जानेवारी २०२५ पासून भाडें १४.९५ टक्क्यांनीं वाढलें, तें राज्य परिवहन प्राधिकरणाच्या संमतीनें आणि आधीं जाहीर होऊन. प्रवासी कुरकुरले, पण वाढ केवढी व केव्हांपासून, हें प्रत्येकास सांगतां येत होतें. विमानाचें तिकीट काढणाऱ्या कुटुंबानेंही जाहिरातींतील आंकडा सोडून शेवटची बेरीजच तेवढी ताडून पाहावी. आणि वैशाखांत नातलगांस पेटी पाठविणाऱ्या श्रोत्यांनीं अधिभाराचा किलोमागें दर काय, व तो कोणत्या तारखेपासूनचा, हें पावतीवर लिहून मागावें. गतवर्षाची पावती जपून ठेविली असेल, तर दोन्ही शेजारीं ठेवून पाहतां येतील. त्या त्या महिन्यांतील इंधनाचे भाव तेलकंपन्या जाहीर करीतच असतात.