धाकट्या ब्राँटेचं धाडस

‘वदरिंग हाइट्स’वरचा एमरल्ड फेनेल यांचा सिनेमा आला आणि कॅथी-हीथक्लिफच्या प्रेमाची चर्चा नव्याने रंगली. एमिली ब्राँटेच्या या कादंबरीसोबत थोरल्या शार्लटची ‘जेन आयर’ही आठवली जाते, दोन्ही १८४७च्या. पण बाईच्या हक्काचा प्रश्न सर्वांत रोखठोक मांडला तो धाकट्या ॲनने, ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’मध्ये (१८४८). ती कादंबरी मागेच राहते, हा अन्याय आहे.

तिच्यातल्या हेलनचा नवरा दारुडा, बाहेरख्याली. लहानग्या मुलालाही तो दारू पाजतो, शिव्या शिकवतो. चित्रं विकून पोट भरायचं आणि मुलाला घेऊन निघायचं, असं हेलन ठरवते. नवरा तिची रोजनिशी वाचतो, रंग-कुंचले जाळतो, पैसे काढून घेतो. तरीही ती निसटते आणि नाव बदलून स्वतःच्या कमाईवर जगते.

तेव्हाच्या इंग्लंडात विवाहितेची कमाई कायद्याने नवऱ्याची, मुलंही त्याचीच. कॅरोलाइन नॉर्टन यांच्या लढ्यामुळे १८३९मध्ये सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागण्याची मुभा आईला मिळाली. हेलनची गोष्ट १८२०च्या दशकातली, म्हणजे तिला तेवढाही आधार नाही. कमाईवरचा हक्क बायकांना १८७०च्या कायद्याने मिळाला आणि सर्व मालमत्तेवरचा १८८२च्या.

म्हणूनच मला शेवटाकडचा एक प्रसंग फार मोलाचा वाटतो. आजारी नवऱ्याची शुश्रूषा करायला हेलन परतते. त्याला मुलाला भेटायचं असतं. मूल माझ्याकडेच राहील, असं लेखी घेऊन, साक्षीदारासमोर त्याची सही झाल्यावरच ती भेट होऊ देते. दया करतानाही ती हक्क सोडत नाही.

समीक्षकांना हे सारं असभ्य वाटलं. १८४९मध्ये, अवघ्या २९व्या वर्षी ॲन गेली आणि खुद्द शार्लटनेच पुस्तकाचं पुनर्मुद्रण नको म्हटलं. बहिणीची बदनामी टाळण्याचा तिचा हेतू असेलही, पण नुकसान वाचकांचं झालं.

आणि हा प्रश्न इंग्लंडपुरता नव्हता. नांदायला न जाणाऱ्या बायकोला कोर्टात खेचण्याची तरतूद इंग्रजी कायद्यातूनच मुंबईत आली. इंग्लंडने त्यातली तुरुंगवासाची शिक्षा १८८४मध्ये रद्द केली. तरी १८८७मध्ये रखमाबाईंना मुंबई हायकोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असं बजावलं. रखमाबाई बधल्या नाहीत. लग्न म्हणजे बाईवरचा मालकी हक्क नव्हे, हे ॲनने जवळपास चाळीस वर्षं आधी कादंबरीत मांडलं होतं. आपल्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हेलन आणि रखमाबाई शेजारी-शेजारी ठेवून वाचायला हव्यात.