माण तालुक्यातील वाहनांची मंदावलेली चकाकी आणि फोम पॅडने होणारे पॉलिश : एक शास्त्रीय विवेचन

सारांश

माण हा सातारा जिल्ह्यातील कमी पावसाचा, प्रखर उन्हाचा आणि धुळीचा तालुका होय. येथील वाहनांच्या रंगाची चकाकी लवकर मंदावते. ती परत आणण्यासाठी गॅरेजमध्ये यंत्रावर फोमचा पॅड बसवून पॉलिश केले जाते. ही चकाकी रंगावर काही चढवून मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती रंगाचा अतिशय पातळ थर काढून मिळते आणि काढलेला थर पुन्हा भरून येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेमागील शास्त्र, फोम पॅडचे कार्य, माणच्या परिस्थितीत घ्यावयाची काळजी आणि प्रक्रियेच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : क्लिअर कोट, पॉलियुरेथेन फोम, रबिंग, अतिनील किरण, जड पाणी, माण तालुका.

प्रस्तावना

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा माण तालुका दुष्काळी भाग म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. दहिवडी हे तालुक्याचे मुख्य ठिकाण, तर म्हसवड ही मोठी बाजारपेठ. तालुक्यातून वाहणारी माण नदी पुढे सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात जाते. नदीच्या काठचा हा सारा मुलूख माणदेश म्हणून ओळखला जातो. येथे पाऊस कमी आणि अनिश्चित आहे. आषाढात ढग पूर्वेकडे निघून जातात आणि मागे वारा व धूळ राहते.

अशा प्रदेशात वाहन ही चैनीची वस्तू नसते. वडाप करणारी जीप, बाजाराला माल नेणारा पिकअप, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल ही कुटुंबाच्या मिळकतीची साधने आहेत. अनेकदा ती कर्ज काढून घेतलेली असतात व गरज पडताच विकली जातात. विकताना गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकते, तसेच रंगावरून हातही फिरवते. रंग निस्तेज झाला असेल तर भाव उतरतो. त्यामुळे रंगाच्या चकाकीचा प्रश्न येथे सौंदर्याइतकाच अर्थकारणाचाही आहे.

चकाकी म्हणजे काय?

प्रकाश गुळगुळीत पृष्ठभागावर पडला की तो एका ठराविक दिशेने परावर्तित होतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर तोच प्रकाश अनेक दिशांना विखुरतो. पहिल्या प्रकारात डोळ्याला चकाकी दिसते, दुसऱ्या प्रकारात पांढुरका मंदपणा. रंगावरील पारदर्शक थराचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. त्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी केवळ ४ टक्के प्रकाश पृष्ठभागावरून परत येतो. एवढा थोडा प्रकाशही विखुरला गेला तर खालचा रंग फिका वाटू लागतो. काळी किंवा गडद निळी गाडी अधिक लवकर जुनी दिसते, याचे कारण हेच.

पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा, यासाठी प्रकाशशास्त्रात रॅले यांचा निकष वापरला जातो. त्यानुसार पृष्ठभागावरील उंचसखलपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे एक अष्टमांशापेक्षा कमी हवा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली तर ही मर्यादा सुमारे ७० नॅनोमीटर येते. पॉलिशचे काम एवढ्या सूक्ष्म पातळीवर चालते.

रंगाचे थर आणि त्यांची जाडी

आजच्या मोटारींवर साधारणपणे चार थर असतात. पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर. ही पद्धत १९८० च्या दशकापासून मोटार उद्योगात रूढ होत गेली. या सर्व थरांची एकत्रित जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रोमीटर असते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रोमीटरचा. लिहिण्याच्या साध्या कागदाची जाडी सुमारे १०० मायक्रोमीटर असते. म्हणजे ज्या थरावर चकाकी अवलंबून आहे, तो कागदाच्या निम्म्या जाडीचाच असतो.

याच थरात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. थर पातळ झाला की चकाकीबरोबर संरक्षणही कमी होते. कारखान्यात हा थर साधारण १४० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून पक्का केला जातो. गॅरेजमध्ये गाडीला टायर, वायरी, प्लॅस्टिक सर्व काही जोडलेले असल्याने एवढे तापमान देता येत नाही. तेथे कमी तापमानाला वाळणारा रंग वापरावा लागतो. म्हणून कारखान्यातील मूळ थर ही एकदाच मिळालेली पुंजी समजली पाहिजे.

माणमधील मंदपणाची कारणे

पहिले कारण ऊन. पृथ्वीपर्यंत पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशातील सुमारे २९५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण रंगातील बहुवारिकांच्या साखळ्या तोडतात. वरचा भाग ठिसूळ होतो व त्यावर सूक्ष्म भेगा पडतात. टप आणि बॉनेट प्रथम निस्तेज होतात, दरवाजे मात्र बरेच दिवस टिकतात. कारण आडव्या पत्र्यावर ऊन अधिक पडते.

दुसरे कारण धूळ. माणची जमीन दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली आहे. बेसाल्टमधील फेल्डस्पार व पायरॉक्सिन या खनिजांची कठीणता मोहच्या मापावर सुमारे ५ ते ६.५ असते. खडीच्या आणि वाळूच्या धुळीत गारेचे कण असतील तर त्यांची कठीणता ७ असते. क्लिअर कोट हा राळेचा थर असल्याने या कणांपुढे फार मऊ ठरतो. मात्र धूळ नुसती बसून रंग खराब होत नाही. सकाळी गाडीवरून कोरडे फडके फिरवले की तीच धूळ घासकागदासारखी काम करते. उन्हात पाहिले असता दिसणाऱ्या गोलाकार, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा बहुतांशी अशाच पडतात.

तिसरे कारण पाणी. विंधन विहिरीच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. धुतलेली गाडी उन्हात तशीच वाळू दिली की थेंबांच्या जागी पांढरे डाग उरतात. ताजे डाग पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने निघतात. त्यांच्यासाठी यंत्र लावणे म्हणजे विनाकारण थर खर्च करणे होय.

फोम पॅडची रचना व कार्य

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. या द्रव्याच्या निर्मितीत वायू तयार होऊन असंख्य पोकळ्या राहिल्या की फोम बनतो. पॉलिशसाठी वापरल्या जाणाऱ्या फोममध्ये या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यात पॉलिशचे द्रव्य धरून ठेवले जाते. फोम दाबला जात असल्याने यंत्राचा भार एका जागी न येता पसरतो. प्रत्यक्ष घासण्याचे काम करतात ते पॉलिशमधील अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे कण. पॅड त्यांना वेग व दाब देतो. हे कण उंचवटे झिजवून पृष्ठभाग सपाट करतात.

पूर्वी हे काम प्रामुख्याने लोकरीच्या पॅडने होत असे. लोकर वेगाने कापते, परंतु मागे बारीक रेषा ठेवते. त्या घालवण्यासाठी पुन्हा फोम वापरावा लागतो. फोम पॅडचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत : खोल रेषा काढणारा टणक पॅड, मध्यम पॅड आणि अखेरचा हात फिरवण्यासाठीचा मऊ पॅड. पॅडचा रंग पाहून प्रकार ठरवणे धोक्याचे असते, कारण रंगांबाबत उत्पादकांमध्ये एकवाक्यता नाही. बोटाने दाबून टणकपणा पाहावा व वेष्टनावरील सूचना वाचावी.

केवळ गोल फिरणाऱ्या यंत्रावर १५० मिलिमीटर व्यासाचा पॅड मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर होतो. मध्यभागी तो शून्य असतो. फोम उष्णतेचा दुर्वाहक असल्याने घर्षणाची उष्णता रंगातच साठते. पॅडची कड एका जागी काही क्षण टेकून राहिली तरी थर मऊ पडून जळू शकतो. याउलट दुहेरी गतीच्या यंत्रात पॅड फिरता फिरता हलतोही. त्यामुळे उष्णता कमी होते. नवशिक्याने हेच यंत्र वापरणे श्रेयस्कर होय.

कामाचा क्रम

पॉलिशपूर्वी गाडी धुणे अनिवार्य आहे. धुळीवर पॅड फिरवला तर दुरुस्तीच्या नावाखाली नवीन रेषा पडतात. टंचाईच्या दिवसांत टँकरच्या पाण्यावर गाव चालत असेल तेथे पाइप लावून गाडी धुणे उचित नाही आणि आवश्यकही नाही. एका बादलीत साबणाचे पाणी व दुसरीत स्वच्छ पाणी घ्यावे. गाडी आधी ओली करून धूळ भिजू द्यावी. टपापासून खाली येत मऊ कापडाने पुसावे व प्रत्येक वेळी कापड दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावे. सर्वांत मळकट खालचा भाग शेवटी घ्यावा. उरलेले पाणी झाडाला न घालता चाकांसाठी वापरावे. एवढेही पाणी नसेल तर पॉलिश पुढे ढकलावे. कोरड्या गाडीवर यंत्र लावू नये.

काम सावलीत, वारा नसलेल्या बंदिस्त जागेत आणि पत्रा गार असताना करावे. कडा, कोपरे व पत्र्याच्या उठावदार रेषा येथे थर पातळ असतो. तेथे चिकटपट्टी लावावी. सुरुवात सर्वांत मऊ पॅड व सर्वांत बारीक पॉलिश घेऊन एका लहान भागावर करावी. अपेक्षित परिणाम न मिळाल्यासच एक पायरी वर जावे. एका वेळी दीड-दोन फूट चौरस भाग घ्यावा. पॉलिशचे चार-पाच थेंब पुरतात. पॅड सपाट धरून आडवे व उभे हात सावकाश फिरवावेत. मधूनमधून पत्र्यावर तळहात ठेवून पाहावा. चटका बसत असेल तर थांबावे. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करावा आणि जमिनीवर पडलेला पॅड धुतल्याशिवाय वापरू नये.

शेवटी मऊ कापडाने पुसून प्रकाशात तपासणी करावी. अनेक पॉलिशमध्ये तेल व मेण असते. ते रेषांत भरून त्या काही दिवस झाकतात आणि दोन-तीन धुण्यांनंतर रेषा पुन्हा वर येतात. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसला की खरी स्थिती दिसते. ही तपासणी गिऱ्हाइकासमोर करणे हा कारागिराच्या सचोटीचा भाग आहे. त्यानंतर संरक्षणासाठी मेणाचा हात द्यावा.

जुनी वाहने, ट्रॅक्टर आणि नौका

ट्रॅक्टर व जुन्या जीपा यांवर बहुधा वेगळा क्लिअर कोट नसतो. पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन घासले असता गाडीचा रंग कापडावर उतरला तर रंग एकेरी आहे असे समजावे. कापडावर काहीच न उतरल्यास वर पारदर्शक थर आहे. मोटारसायकलच्या टाकीचे उंचवटे अरुंद असल्याने तेथे लहान पॅड वापरणे इष्ट ठरते.

माणमध्ये नौका नाहीत. परंतु त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोली व तापोळा येथे फायबरच्या नौका चालतात. त्यांच्या पृष्ठभागावर जेल कोट नावाचा पॉलिएस्टर राळेचा थर असतो. त्याची जाडी सुमारे ५०० मायक्रोमीटर, म्हणजे मोटारीच्या क्लिअर कोटच्या दहापट असते. उन्हाने तोही खडूसारखा पांढुरका होतो. तेथे टणक पॅड व जाडसर रबिंग चालते. मात्र नौकेवर हात बसलेल्या कारागिराने तीच सवय मोटारीवर वापरली तर पहिल्याच दिवशी क्लिअर कोट संपण्याचा धोका असतो.

प्रक्रियेच्या मर्यादा

नख अडकेल इतकी खोल रेषा पॉलिशने जात नाही. ती घालवण्याच्या प्रयत्नात थर संपतो. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटू लागले असतील तर पुन्हा रंग देणे हाच उपाय उरतो. एका हलक्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रोमीटर थर जातो, टणक पॅड व जाड रबिंगमध्ये त्याहून बराच अधिक. दर दिवाळीला जोरदार रबिंग करून घेणारा मालक काही वर्षांतच संरक्षक थर गमावून बसतो, तेही गाडीचे हप्ते फिटण्यापूर्वी.

समारोप

माणदेशातील शेतकऱ्याला खोल विंधन विहिरीचे गणित ठाऊक आहे. एका पावसाळ्यात जेवढे मुरते, त्याहून अधिक उपसले की विहीर कोरडी पडते. वाहनाच्या रंगाचे गणित त्याहून कठोर आहे, कारण येथे काहीच मुरत नाही, केवळ उपसाच होतो. फोम पॅड हा उपसा मोजून करण्याचे साधन आहे. कोरडे फडके टाळणे, गाडी सावलीत उभी करणे आणि वेळोवेळी मेण लावणे या बिनखर्चाच्या किंवा अल्पखर्चाच्या सवयी लागल्या, तर यंत्राची गरजच क्वचित भासेल.

परावर्तन, बहुवारिके, खनिजांची कठीणता आणि पाण्याची जडता हे विषय महाविद्यालयांत स्वतंत्रपणे शिकवले जातात. ते सर्व एका जीपच्या बॉनेटवर एकत्र दाखवता येतात. दुष्काळी तालुक्यातील अनेक विद्यार्थी गॅरेज व वाहनव्यवसायाकडे वळतात. त्यांच्यापर्यंत हे ज्ञान पोहोचल्यास हाताच्या कौशल्याला शास्त्राचा आधार मिळेल आणि गावातील कुटुंबांची पुंजीही अधिक काळ टिकेल.