आइसलँडचा दक्षिण किनारा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सकाळी रेक्याविकहून निघून धबधबे, हिमनदी आणि काळ्या वाळूचा किनारा पाहून रात्री परतता येतं. वीक गावापर्यंतचं अंतर एका बाजूने सुमारे 190 किलोमीटर. या सहलीबद्दलचे काही समज दूर व्हायला हवेत; त्यातला एक तर जिवावर बेतणारा आहे.

गैरसमज: आइसलँड म्हणजे बारा महिने बर्फाखालचा देश.
वस्तुस्थिती: हिमनद्यांनी देशाचा साधारण दहावा भाग व्यापला आहे. उबदार सागरी प्रवाहामुळे रेक्याविकचं जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहतं. खरी अडचण उजेडाची: डिसेंबरात दिवस जेमतेम चार-पाच तासांचा असतो.

गैरसमज: इथल्या धबधब्यांचा समुद्राशी संबंध नाही.
वस्तुस्थिती: सेल्यालान्द्सफॉस आणि स्कोगाफॉस, दोन्ही सुमारे 60 मीटर उंच, ज्या कड्यांवरून कोसळतात तो एके काळचा समुद्रकिनारा. हिमयुगानंतर बर्फाचं ओझं उतरून जमीन वर आली, हिमनद्यांनी गाळ आणून टाकला आणि समुद्र मागे हटला.

गैरसमज: सोल्हेइमायोकुल हिमनदी प्रदूषणाने काळवंडली आहे.
वस्तुस्थिती: तो काळेपणा मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेचा. ही हिमनदी ज्या हिमटोपीतून उतरते, तिच्याखाली काट्ला ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 चा. माणसाचा हात दिसतो तो हिमनदीच्या आक्रसण्यात. 2010 पासून जवळच्या ह्वोल्सव्होल्लुर गावातले विद्यार्थी दरवर्षी तिची माघार मोजत आले आहेत.

गैरसमज: रेनिस्फ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर आहेत तसे दगडी खांब फक्त तिथेच आढळतात.
वस्तुस्थिती: लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि बहुकोनी खांब बनतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल अशीच घडली, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

गैरसमज: लाटा दूर दिसल्या, की किनारा सुरक्षित.
वस्तुस्थिती: रेनिस्फ्यारावर ही समजूत पर्यटकांच्या जिवावर उठली आहे. खुल्या अटलांटिकवरून येणाऱ्या लाटांना वाटेत अडसर नाही आणि किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ एकदम खोल जातो. म्हणून चार-सहा शांत लाटांनंतर एखादी अचानक खूप आत घुसते आणि माणसाला ओढून नेते. तिथल्या इशारादर्शक दिव्यांचं ऐका, समुद्राकडे पाठ करू नका आणि मुलांचा हात सोडू नका. फोटो थोडा लांबून काढला तरी चालेल.