साडेतीन महिन्यांचं बाळ आणि एक ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट

पेटची तयारी करणाऱ्या दोघातिघांनी मला विचारलं होतं, की मुलाखतीत ‘फॉल्स निगेटिव्ह म्हणजे काय’ असं आलं तर व्याख्येच्या पुढे काय बोलायचं? व्याख्या तुम्हाला पाठ आहेच. आजार आहे, पण चाचणी नाही म्हणते. मुलाखतीपुरतं ते चालूनही जाईल. पण मला ही गोष्ट खऱ्या अर्थाने कळली ती पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, आणि प्रयोगशाळेत नाही, घरात. ताईला विचारूनच लिहितेय. नावं, दवाखाने सगळं गाळलंय.

ताई चंद्रपूर जिल्ह्यात राहते. भाचा अकरा महिन्यांचा होता तेव्हा जानेवारीतल्या एका सकाळी तो रडतच उठला. दोन्ही हातांचे पंजे वरच्या बाजूने टम्म सुजलेले, बोटं जाडजूड, हात लावू देईना. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, काहीतरी चावलं असेल. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीचं औषध दिलं. चार-पाच दिवसांत सूज उतरली, म्हणजे औषध लागू पडलं असंच सगळ्यांना वाटलं. दोन-अडीच महिन्यांनी तापानंतर तेच, या वेळी पायांना. नुकता पावलं टाकायला लागलेला पोरगा परत रांगायला लागला. तिथून पुढे पावणेदोन वर्षं हे चालू राहिलं. कधी हात, कधी पाय, नंतर नंतर मांडी नि पाठ. मधले दोन-दोन महिने काहीच नाही. अगदी खेळणारं मूल.

ज्यांनी लहान मुलाचं असं दुखणं पाहिलंय त्यांना माहीत असेल, की यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे मूल सांगू शकत नाही. ते फक्त रडतं, आणि आपण अंदाज करतो. ताईने केलेल्या फेऱ्या मी मोजल्या नाहीत, पण फाइल जाड झाली होती. एकाने हाडाला जंतुसंसर्ग झालाय म्हणून अँटिबायोटिक दिलं. एकाने कॅल्शियम कमी आहे म्हणून सांगितलं. एकाने ‘वाढीचं दुखणं आहे, आपोआप जाईल’ असं म्हटलं. (वाढीचं दुखणं सहसा तीन वर्षांच्या पुढच्या मुलांत, दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होतं आणि सकाळी मूल ठणठणीत असतं. त्यात सूज येत नाही. हातांचे पंजे सुजवणारं वाढीचं दुखणं नसतं.) एक्स-रे काढला, तो नॉर्मल. हिमोग्लोबिन आठच्या खाली, म्हणून लोहाचं सिरप. डोळे जरा पिवळे दिसायचे, म्हणून काविळीचं पथ्य.

आता नीट बघा. दुखण्याला एक कारण, कमी रक्ताला दुसरं, पिवळ्या डोळ्यांना तिसरं. प्रत्येक स्पष्टीकरण सुटं सुटं घेतलं तर पटण्यासारखं. तिन्ही मिळून एकच कारण असेल का, हा प्रश्न कुणी विचारला नाही असं मात्र नाही. दोन डॉक्टरांनी विचारला होता: ‘सिकलची तपासणी केली का?’ विदर्भात हा प्रश्न कुणालाही सुचतो. आणि दोन्ही वेळा ताईने फाइल उघडून एक कागद पुढे केला. सिकल सोल्युबिलिटी टेस्ट : निगेटिव्ह. दोन्ही वेळा डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

तो कागद खोटा नव्हता. चाचणी चुकीची केली गेली नव्हती. तंत्रज्ञाने जे पाहिलं तेच लिहिलं होतं. मग चूक कुठे झाली, ते समजायला चाचणी आतून पाहावी लागते.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. अशा हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिन एस म्हणतात. त्यातला ऑक्सिजन निघून गेला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. दुखतं ते त्यामुळे. अगदी लहान मुलांत हातापायांच्या छोट्या हाडांतही रक्त तयार करणारा मगज असतो, म्हणून पहिला फटका बऱ्याचदा तिथे बसतो. मूल मोठं होतं तसा तो मगज तिथून मागे हटतो आणि दुखणं मांड्या, पाठ, छातीकडे सरकतं. भाच्याचं दुखणं ‘फिरत’ होतं ना, ते हेच. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत दोन्ही पंजे सुजणं ही या आजाराची जुनी, पाठ्यपुस्तकातली खूण आहे. आणि एक्स-रेमध्ये सुरुवातीच्या दिवसांत काही दिसत नाही, बदल दिसले तरी आठवड्याभराने वगैरे दिसतात. म्हणजे नॉर्मल एक्स-रेसुद्धा ‘आजच्या दिवशी’ नॉर्मल.

सोल्युबिलिटी टेस्ट फार साधी आणि स्वस्त आहे. रक्ताचे काही थेंब फॉस्फेटच्या द्रावणात टाकतात. त्यात पेशी फोडणारं एक द्रव्य असतं आणि ऑक्सिजन काढून घेणारं डायथायोनाइट असतं. हिमोग्लोबिन एस असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. रेघा दिसल्या की निगेटिव्ह.

म्हणजे ही चाचणी ‘या मुलाला सिकलसेल आहे का’ हे विचारतच नाही. ती विचारते, ‘या नळीत, आत्ता, द्रावण गढूळ करण्याइतकं हिमोग्लोबिन एस आहे का?’ हे दोन प्रश्न मोठ्या माणसात जवळपास एकच असतात. तान्ह्या बाळात नसतात. कारण जन्मतः बाळाच्या रक्तात मुख्यतः गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ असतं. त्यात बीटा साखळीच नसते, गॅमा असते. बदल बीटा साखळीत आहे, त्यामुळे एफ निर्दोष. पुढच्या काही महिन्यांत एफ ओसरतं आणि त्याच्या जागी एस चढतं. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी टेस्टच्या निगेटिव्हवर विसंबू नये असं सांगितलं जातं. रक्त फार कमी असलं किंवा नुकतंच बाहेरचं रक्त चढवलं असलं तरीही ती फसू शकते.

भाच्याची ती तपासणी चौदाव्या आठवड्याच्या लसीला नेलं त्याच दिवशी झाली होती. साडेतीन महिने. आणि कागदावर तारीख होती, वय नव्हतं.

ही गोष्ट आता जुनी आहे, नवीन शोध नाही. १९४८ साली न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी लिहिलं होतं, की नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी इतक्या कमी सापडतात त्याला गर्भातलं हिमोग्लोबिन कारण असावं. पाऊलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं ते १९४९ मध्ये, म्हणजे त्याच्याही पुढच्या वर्षी. सगळीकडे पाऊलिंगचं नाव येतं, वॉटसन यांचं फार कमी. मला स्वतःला त्यांचं निरीक्षण जास्त आवडतं. त्यांनी ‘दिसलं नाही’ यालाच माहिती मानलं.

आता थोडं गणित, कारण मुलाखतीत तुम्हाला इथेच नेलं जाईल. आज आम्हाला माहीत आहे, की ताई आणि भाऊजी दोघंही वाहक आहेत, म्हणजे एएस. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५. अशी ४०० बाळं घ्या. १०० आजारी, २०० वाहक, १०० निर्दोष. समजा (हा आकडा समजावण्यापुरता मी धरलेला आहे, कुठल्या अभ्यासातला नाही) या वयात चाचणीने निम्मी आजारी आणि निम्मी वाहक बाळं हुकवली. मग निगेटिव्ह कोण कोण? ५० आजारी, १०० वाहक, १०० निर्दोष. एकूण २५०. त्यातली आजारी ५०, म्हणजे २० टक्के.

पंचविसावरून वीस. त्या निगेटिव्ह कागदाने आपलं ज्ञान एवढंच हललं. पण आमच्या घरात, आणि दोन दवाखान्यांत, ते पंचविसावरून शून्यावर आलं असं धरलं गेलं.

अर्थात त्या वेळी २५ हा आकडा कुणाकडेच नव्हता. ताई वाहक आहे हे तिच्या गरोदरपणातल्या तपासणीत आलं होतं. ती फाइल माहेरी, आमच्या कपाटात. भाऊजी तेव्हा कामासाठी बाहेरगावी होते, त्यांची तपासणी राहिली ती राहिलीच. बाळाची फाइल सासरी. दोन कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत.

आणि माझं काय? मी जीवरसायनात पीएचडी करते. प्रथिनांचे रेणू एकत्र येऊन द्रावण कधी गढूळ होतं हे मोजणं हे माझं रोजचं काम. ठरावीक प्रमाणाखाली गेलं की यंत्र काही दाखवत नाही, प्रथिन मात्र असतं, हे मी ज्युनिअर मुलांना शिकवते. ताईने तो रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. मी लिहिलं होतं, ‘निगेटिव्ह ना, मग सिकल नाही. दुसरं काही बघा.’ तो मेसेज अजून आहे. दोन डॉक्टरांना दोष देण्याआधी मला तो वाचावा लागतो.

कोडं सुटलं ते एका शिकाऊ डॉक्टर मुलीमुळे, माझ्याहून वयाने लहानच असेल. भाचा अडीच वर्षांचा, पाठदुखीने भरती. तिने फाइल चाळली, तो कागद पाहिला आणि विचारलं, ‘ताई, याचा जन्म कधीचा?’ मग बोटांवर महिने मोजले. एवढंच. दुसऱ्या दिवशी एचपीएलसी. ही चाचणी गढूळपणा बघत नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण सांगते, त्यामुळे नवजात बाळातही थोडंसं एस पकडू शकते. रिपोर्टमध्ये एस सत्तर टक्क्यांच्या वर, उरलेलं बहुतेक एफ, आणि नेहमीचं प्रौढ हिमोग्लोबिन ए जवळजवळ नाहीच. एसएस.

उशीर झाला म्हणून काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. दुखणं तर थांबत-येत होतंच. बिघडलं ते न दिसणारं. या आजारात प्लीहा फार लवकर निकामी व्हायला लागते आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूंचा संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. १९८६ मध्ये अमेरिकेत तीन वर्षांखालच्या २१५ मुलांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. रोज दोन वेळा पेनिसिलिन घेणाऱ्या १०५ मुलांत असा गंभीर संसर्ग दोघांना झाला, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या ११० मुलांत तेरा जणांना, आणि त्यातली तीन दगावली. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आठ महिने आधी थांबवली. नवजात बाळांची तपासणी करायची ती मुख्यतः यासाठी. भाच्याने ही पहिली अडीच वर्षं पेनिसिलिनशिवाय काढली. त्याला काही झालं नाही. याला मी नशीबच म्हणेन.

आता तो हायड्रॉक्सियुरियावर आहे. हे औषध बऱ्याच अंशी काम करतं ते हिमोग्लोबिन एफ वाढवून. साडेतीन महिन्यांच्या रक्तात ज्या एफने आजार लपवला, तेच आता त्याचं संरक्षण करतंय. प्रौढांमध्ये या औषधाने दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात हे १९९५ मध्ये दिसलं, आणि तान्ह्या मुलांतही उपयोग होतो हे २०११ मध्ये. भाच्याचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. थंडीत एकदा येतंच. पण आता ताईला माहीत आहे की पाणी भरपूर द्यायचं, उबदार ठेवायचं, ताप आला तर घरी थांबायचं नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं आणखी एक कारण. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. म्हणजे पुढच्या काही वर्षांत कितीतरी घरांत एक कागद असणार आहे. तुमच्यापैकी जे नंदुरबार, गडचिरोली, अमरावती, चंद्रपूरकडचे आहात, त्यांच्याकडे नात्यातलं कुणीतरी तो कागद घेऊन येणारच, ‘तू सायन्सवाला ना, बघ जरा’ म्हणत. तेव्हा निकालाआधी तारीख बघा. तपासणीच्या दिवशी वय किती होतं, पद्धत कोणती, त्याआधी रक्त चढवलं होतं का, आईबाबांची तपासणी झालीये का. प्रत्येक मुलाचं वारंवार दुखणं सिकलचं नसतं हेही खरंच. पण ‘ते तर आधीच पाहिलंय’ या वाक्यावर थांबायचं की नाही, हे या चार गोष्टी बघूनच ठरवता येतं.

गेल्या महिन्यात भाऊजींच्या बहिणीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं, एचपीएलसी झाली. रिपोर्ट ताईनेच मला पाठवला. एफ भरपूर, ए थोडं, एस त्याहून थोडं. वाहक आहे, आजार नाही. ताईने फोटो काढण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलं होतं : वय ३ दिवस.